पाटीवरचा डॉक्टर



स्वागताध्यक्षांनी आत्ताच मराठीच्या अभिजात दर्जाचा गौरव केला. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने तो दिला, आपण पेढे वाटले, झालं. मला विषय दिलाय 'मराठीचं भवितव्य'. भवितव्य ज्योतिषी सांगतील. मी दवाखान्याच्या पाटीवर बोलणार आहे. ज्यांना हा विषय साहित्यबाह्य वाटतो त्यांनी खुशाल चहाला जावं.

मूत्रपिंडाचं दुखणं निघालं की दोन निरनिराळे डॉक्टर समोर येतात. नेफ्रॉलॉजिस्ट औषधं देतो, डायलिसिस सांभाळतो. युरॉलॉजिस्ट शस्त्रक्रिया करतो. मुतखडा काढायचा असो की प्रोस्टेट, काम त्याचं. आपला माणूस खडा घेऊन पहिल्याकडे जातो आणि वाढलेलं क्रिएटिनिन घेऊन दुसऱ्याकडे. फी दोन्हीकडे भरतो. कोशात शब्द नाहीत असं नाही. 'मूत्रपिंडविकारतज्ज्ञ' आणि 'मूत्ररोगतज्ज्ञ'. आता इथल्या मराठीच्या प्राध्यापकांनीच सांगावं, या दोन शब्दांवरून यातला सुरी धरणारा कोण ते कळतं का? पाट्या देवनागरीत हव्यात म्हणून आपण मोर्चे काढले. इंग्रजी पाटी उतरली आणि तिथे देवनागरीत 'नेफ्रॉलॉजिस्ट' चढलं. फक्त लिपी जिंकली! आणि पुढची 'एम.डी.' ही अक्षरं तर ॲलोपॅथीतही आहेत, आयुर्वेदातही, होमिओपॅथीतही.

मनाच्या दुखण्यात तर लेखकांनीच घोळ घातलाय. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस होऊन पुढे शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो. समुपदेशक आणखी वेगळा. आमच्या कादंबरीतला मानसशास्त्रज्ञ मात्र तिसऱ्या प्रकरणात झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी फाडतो, संपादक ते छापतो आणि परीक्षक त्याला पुरस्कार देतात. वाचकाच्या घरी पोरगं महिनोन्‌महिने गप्प बसलेलं असतं, तेव्हा कुणाचं दार वाजवायचं हे त्याला कुठून कळावं?

रक्त-लघवीच्या तपासणीचंही तेच. पॅथॉलॉजिस्टला आपण शब्द दिला 'विकृतिशास्त्रज्ञ'. हा शब्द ऐकून कुणालाही वाटेल, पोलिसांनी शोधावा असा कुणी इसम असणार. अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. पण लोकांच्या लेखी तो सगळा 'लॅबवाला'. सही कुणाची हे मग कोण बघतो?

भाषाशुद्धीवाले मित्र म्हणतील, शब्द रुजवावे लागतात. सावरकरांचा 'महापौर' रुजला की नाही? रुजला! वर्तमानपत्रांनी तो रोज छापला, महानगरपालिकांनी वापरला. तुमचा विकृतिशास्त्रज्ञ कोशाबाहेर पडला कधी? सरकारने 'जिल्हा शल्यचिकित्सक' कागदोपत्री चालवला, तरी गाव अजून पेशंटला 'सिव्हिलला' नेतं.

आणि डॉक्टर मंडळींनी हसू नये. मराठीत वैद्यक सांगता येत नाही, हे तुमचं पाठांतर फार झालं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एकोणिसाव्या शतकात मराठीतून वैद्यक शिकवणारा वर्ग चालत होता. संमतिपत्र इंग्रजीत पुढे सरकवायचं आणि 'इथे सही करा' एवढंच मराठीत म्हणायचं, याला मी तरी विज्ञाननिष्ठा म्हणणार नाही.

जगलेले शब्द बघा. 'भूलतज्ज्ञ'. केवढा नेटका! शेतावरच्या बाईलाही कळतं, हा भूल देणार आणि उतरवणारही. 'कान-नाक-घसा'. तीन अवयव ओळीने मांडले, संपलं. असे शब्द टेबलाच्या पलीकडून, दुखणं घेऊन बसलेल्या माणसाच्या बाजूने येतात. उलट 'स्त्रीरोगतज्ज्ञ' बघा. धडधाकट पोटुशी बाई त्या पाटीखालून आत जाते. तिला रोग कुठला? आमच्या सुईणीच्या नावात तरी रोग नव्हता. (सुईण परत आणा असं मी म्हणत नाही, उद्या तसं छापू नका.)

मला 'किडनीचा औषधवाला डॉक्टर' आणि 'किडनीचं ऑपरेशन करणारा डॉक्टर' चालेल. किडनी इंग्रजी आहे म्हणून कुणाला ताप येत असेल तर त्याने फिजिशियनला दाखवावं.

संध्याकाळी ठराव येणार आहेत, यादी माझ्याकडे आहे. त्यात अभिनंदनाचेच ठराव जास्त. त्यातला एक कमी करा आणि हा घ्या: प्रत्येक दवाखान्याने पदवीच्या खाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, आपण काय बघतो, ऑपरेशन करतो की नाही आणि आपली पॅथी कुठली, हे साध्या मराठीत लिहावं. मजकूर लिहून द्यायला या मंडपातल्या लेखकांनी बसावं, मानधन न घेता. सूचक मी. अनुमोदक कोण? पहिल्या रांगेपासून सुरुवात करू.