पानातली साखर कुठं मुरते?



पावसाची झड लागली की कपाशीच्या पानावर पाणी प्यायल्यासारखे कोनदार ठिपके दिसतात. पुढं ते काळे पडतात, पान गळतं, बोंड सडतं. जिवाणू करपा तो हाच. आपण फवारा घेऊन धावतो. पण हा जिवाणू जगतो कशावर, हे आपण कधी विचारलं का?

पान उन्हात साखर तयार करतं. कपाशीचं बोंड आणि ज्वारीचा दाणा तिच्यावरच भरतो. जिवाणूचा डोळाही तिच्यावरच आहे.

साखर पेशीतून बाहेर पडताना डोळ्यांना दिसत नाही. ती दिसावी म्हणून शास्त्रज्ञांनी चमकणारी प्रथिनं वापरली. असं प्रथिन मुळात समुद्रातल्या जेलीफिशमध्ये सापडलं. त्यावरच्या कामाला 2008 साली नोबेल मिळालं. एक निळसर, एक पिवळं आणि मध्ये साखर पकडणारं तिसरं, अशी जोडणी केली. साखर येताच दोन रंगांच्या उजेडाचं प्रमाण बदलतं. त्यावरून साखर मोजता येते.

2010 साली कॅलिफोर्नियात वोल्फ फ्रॉमर यांच्या गटानं या उजेडाच्या मदतीनं पेशीची साखरेची दारं शोधली. त्यांना 'स्वीट' नाव पडलं. भाताच्या कडा करप्याचा जिवाणू हीच दारं उघडवून घेतो, हेही कळलं. 2017 साली कपाशीत असंच 'स्वीट 10' सापडलं. ते दाबून टाकलं तेव्हा करपा कमी झाला.

मग सगळी दारं कायमची बंद का करू नयेत? कारण पिकाला स्वतःची साखर फिरवायलाही दारं लागतात. म्हणून 2019 साली भातात दार तसंच ठेवलं आणि जिवाणूची किल्ली लागते तेवढी जागा बदलली. भाताला करप्याशी झुंजण्याचं बळ आलं. कपाशीत मात्र प्रयोगात दुसरं दार उघडून दिलं, तरी रोगाला वाट मिळाली. एका कुलपानं भागणार नाही.

उद्या कोणी 'करपा न येणारं बियाणं' घेऊन दारात आला, तर भाव विचारण्याआधी आपण विचारू: किती दारांची कुलपं बदलली?

तोवर आपल्या हातातलं काम आपण करू. हा जिवाणू सरकीतून येतो, शेतात पडलेल्या पऱ्हाट्यांत टिकतो, पावसाच्या थेंबांनी पसरतो. आम्लानं लव काढलेली सरकीच पेरू, पऱ्हाट्या शेतात राहू देणार नाही.

आपल्या पिकाची साखर आपल्याच बोंडात गेली पाहिजे.