शंभर दिवसांचा दाखला
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा गोषवारा)



साथीच्या काळातील आरोग्यसेवकांच्या नेमणुका, असा विषय आम्हाला दिला आहे. विषय सरकारी कागदाचा वाटेल. पण आपल्या वस्तीतल्या किती लेकी नर्सिंग शिकल्या ते आठवा, म्हणजे तो घरचाच आहे हे पटेल.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. कायदा अवघ्या चार कलमांचा. साथ रोखण्याचे उपाय करण्याचा अधिकार सरकारने कोणत्याही व्यक्तीला द्यावा, अशी मुभा दुसऱ्या कलमात होती. त्या व्यक्तीला काम येते का, तिला पगार किती, याविषयी अवाक्षर नाही! पुण्यात घरे तपासायला गोरे सोजीर आले आणि लोक रोगापेक्षा तपासणीलाच जास्त भ्याले. त्याच दिवसांत हडपसरजवळ डॉ. यशवंत फुले रोग्यांवर उपचार करीत होते आणि सावित्रीबाई रोगी आणून पोचवीत होत्या. त्यांच्याकडे कुठले आले नेमणूकपत्र? १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्या गेल्या. ही गोष्ट आम्हीही भाषणांत सांगतो, टाळ्याही घेतो. पण शुश्रूषा करणाऱ्याच्या मागे कोण उभे होते, हे विचारायचे राहून जाते.

२०२० साली कोरोना आला तेव्हा हाच कायदा पुन्हा बाहेर निघाला. एप्रिलमध्ये वटहुकूम काढून आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. पन्नास लाखांच्या विम्यात कंत्राटी कर्मचारीही धरले गेले. चांगले झाले, ते चांगलेच म्हणायचे. पुढे ३ मे २०२१ रोजी केंद्राने मनुष्यबळ वाढवायचे ठरविले. इंटर्न डॉक्टरांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कोविडचे काम, एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना दूरध्वनीवरून सल्ला व सौम्य रुग्णांवर लक्ष, बीएस्सी आणि जीएनएम झालेल्यांना ज्येष्ठ परिचारिकांच्या हाताखाली पूर्णवेळ शुश्रूषा. शंभर दिवस काम करील त्याला सरकारी नोकरभरतीत प्राधान्य, असेही सांगितले.

‘देखरेखीखाली’ हा शब्द आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. घाई असली तरी शिकाऊ माणसाला एकटे सोडायचे नाही, असा त्याचा अर्थ. एएनएम मुलीचे शिक्षण मुख्यतः बाळंतपण, लसीकरण, गावपातळीवरची सेवा यांचे. तिला व्हेंटिलेटरपाशी एकटी उभी केली तर रोगीही धोक्यात आणि पोरगीही. नोंदणी म्हणजे नुसता शिक्का नव्हे. या माणसाच्या हाती जीव द्यायला हरकत नाही, अशी ती समाजाला दिलेली हमी आहे.

आता आपल्या वस्तीतली गोष्ट. नाव सांगत नाही. जीएनएम झालेली मुलगी, कोविड वॉर्डात लागली. ऑर्डर तीन महिन्यांची, संपली की मध्ये एक दिवस खंड, मग दुसरी. आई घरी दम्याची, म्हणून पोरगी बाहेरच्या ओट्यावर झोपायची. साथ ओसरली आणि तिला तोंडी सांगितले, उद्यापासून येऊ नका. अनुभवाचा दाखला मिळाला तो पहिल्या ऑर्डरचाच. कागदावर नव्वदच दिवस भरले! उरलेल्या दहांसाठी ती चकरा मारते आहे. बाबू बदलला, फाइल सापडत नाही, हेच उत्तर. त्या वॉर्डातून बरे होऊन घरी आलेले काही जण आज या मंडपात बसलेत.

म्हणून आमची विनंती अशी. पोरींनो, ऑर्डर हातात आल्याशिवाय ड्युटीवर जाऊ नका, हे म्हणणे सोपे आहे. रोगी तडफडत असताना तुम्ही जाणारच. निदान ऑर्डरची आणि हजेरीची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण मुदतीत करा, नाहीतर ऐनवेळी नेमणूक अडते. आणि ज्येष्ठ मंडळींनी, ज्यांना अर्ज लिहिता येतात त्यांनी, रविवारी वंदनेनंतर अर्धा तास थांबावे. त्या मुलीचा अर्ज पहिला घेऊ. तिला कागद घेऊन यायला सांगितले आहे.