पलटण म्हणजे किती शिपाई?

महाड तालुक्यांत फौजी आंबवडे नांवाचें गांव आहे. फौज ज्याच्या नांवांतच शिरली, त्या मुलखांत शिपायाची ओळख पलटणीवरून होते. नातू आजोबांच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज इंग्रजींत लिहूं लागला, कीं ध्वनिसाम्याला भुलून पलटणीला ‘प्लॅटून’ म्हणतो. चूक क्षुल्लक नव्हे. पलटण हा मुख्यतः ‘बटालियन’चा मराठी अवतार, प्लॅटूनची छाया त्यावर पडली असेल, इतकेंच.

प्लॅटून या शब्दाचा फ्रेंच मूळार्थ लहानसा चेंडू. तींत शिपाई अवघे ३०-४०. अशा तीन प्लॅटूनांची कंपनी, आणि अनेक कंपन्या मिळून बटालियन, सुमारें ८०० माणसांची. मराठा लाइट इन्फन्ट्रीची १७६८ सालीं उभी राहिलेली पहिली बटालियन ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाते. तिला प्लॅटून म्हणणें म्हणजे शेंकडों शिपाई हिशेबांतून गाळणें! रेजिमेंट त्याहून मोठी. तिच्या पोटांत अनेक बटालियनी असतात. अर्जांत क्रमांकासह ‘बटालियन’ लिहावें.

लग्नघरांत पंगतीवर तुटून पडणारी पोरांची पलटण मात्र इंग्रजींत बहुधा ‘आर्मी’ होते. तेथें शिरगणती कोणी करीत नाहीं.