राहिलेला विषय

निकालाचे दिवस आले की कॉलेजच्या आवारात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘मला दोन केटी लागल्या.’ मराठीत नजर लागते, ठेच लागते, साडेसाती लागते. मुलांनी एटीकेटीलाही त्याच रांगेत नेऊन बसवलं आहे. शब्दांशी रोजचा संबंध असल्यामुळे मला ते खटकतं. ‘अलाउड टू कीप टर्म्स’ म्हणजे विषय राहिले असले तरी पुढच्या वर्गात बसायची मुभा. विद्यापीठ दार उघडं ठेवतं आणि आपण घरात सुतक पाळतो.

‘नापास’ हा शब्दही गमतीचा. ‘ना’ फारसी, ‘पास’ इंग्रजी, मार मात्र मराठी पोराला! त्यापेक्षा आयाबाया म्हणतात ते बरं: ‘पोराचे दोन विषय राहिले.’ राहिलेलं काम पुरं करता येतं.

त्यासाठी आधी गुणपत्रिका नीट वाचायला हवी. बरेच जण बेरीज बघून तिची घडी घालतात. अंतर्गत गुण कमी पडले की लेखी परीक्षेचे? अंतर्गत पडले असतील, तर चाचणी किंवा प्रकल्प कुठे बुडाला ते शिक्षकांना विचारावं. लेखीत पडले असतील, तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागण्याची सोय अनेक विद्यापीठांत आहे. पण त्याला मुदत असते आणि ते दिवस तोंड लपवण्यातच निघून जातात. किती विषय राहिले तरी पुढे जाता येतं, याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे. ते कॉलेजच्या कार्यालयात विचारावेत, कट्ट्यावर नव्हे. शिष्यवृत्तीचंही तिथेच विचारून घ्यावं.

कमी गुणांमागे अनेकदा भाषा असते. माझ्या घरात दखनी, शाळेत मराठी आणि बी.ए.ला पुढ्यात इंग्रजी पुस्तकं. म्हणून ही अडचण मला ठाऊक आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी विज्ञान शाखेत जाते. तिला प्रकाशसंश्लेषण कळलेलं असतं, ‘फोटोसिंथेसिस’पाशी ती अडते. अशा मुलीनं विषय आधी आपल्या भाषेत समजून घ्यावा आणि मग रोज एक उत्तर इंग्रजीत लिहून कुणाला तरी दाखवावं.

रामानुजन यांचं नाव अशा वेळी घेतलं जातंच. कुंभकोणमच्या कॉलेजात गणिताखेरीज इतर विषयांत ते मागे पडले, शिष्यवृत्ती गेली. पुढची केंब्रिजची कथा सगळे सांगतात. मला आठवतो तो १९०५ सालचा, घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेलेला सतरा वर्षांचा मुलगा. कमी गुणांपेक्षा ते घरी सांगण्याची भीती मोठी असते. ती पेलवेनाशी झाली, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे; २०२२ पासून तिथे मोफत बोलता येतं.

आईवडिलांनाही एक सांगायचं आहे. मुलाचे विषय राहिले की आपण क्लास लावतो, मुलीचे राहिले की स्थळ बघतो. दोघांनाही परीक्षा पुन्हा देण्याचा हक्क सारखाच आहे. पोरगं उतरलेल्या चेहऱ्यानं दारात आलं, तर आधी जेवायला वाढा. गुणपत्रिका नंतर, शेजारी बसून वाचता येते.