केसपेपरवर पाळीचा रकाना हवा



हाताशी वेळ थोडा आहे, म्हणून थेट विषयाला हात घालते. स्किझोफ्रेनिया झालेली बाई आणि स्किझोफ्रेनिया झालेला पुरुष आपल्या मानसोपचाराच्या ओपीडीत येतात, तेव्हा दोघांना आपण तेच प्रश्न विचारतो आणि बहुतेक वेळा त्याच मात्रेत औषध लिहून देतो. हे बदलायला हवं, असं मला कळकळीनं सांगायचं आहे.

मुलग्यांमध्ये हा आजार साधारण विशीच्या आसपास डोकं वर काढतो. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत मुलींमध्ये तो सरासरी 3 ते 5 वर्षं उशिरा सुरू झालेला दिसतो. शिवाय 45 ते 50 च्या दरम्यान बायकांमध्ये नव्या रुग्णांची आणखी एक लहान लाट येते. पुरुषांमध्ये ती दिसत नाही. जर्मनीतल्या मानहाइमला हाइन्झ हेफनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजाराचं पहिलं लक्षण नेमकं कधी दिसलं, याचा बारकाईनं माग काढला. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत त्यांना आढळलं, की इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचा जोर मंदावतो. टोरंटोच्या मेरी सीमन 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून याच दिशेनं लिहीत होत्या. वयात आल्यावर इस्ट्रोजेन मुलीच्या मेंदूला ढालीसारखं जपतं आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास ही ढाल गळून पडते, असा हा विचार.

पण आपल्याकडे काय दिसलं? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्त्री-पुरुषांच्या सुरुवातीच्या वयात तो ठरावीक फरक आढळलाच नाही. पुढे शिवमोग्गा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यात, दवाखान्यात येणाऱ्यांपुरतं न थांबता गावागावांत जाऊन केलेल्या पाहणीतही तो ठळकपणे दिसला नाही. मग इस्ट्रोजेनचा सिद्धांत चुकीचा ठरला का? मला तसं वाटत नाही. याचा एक धागा हेफनर यांच्याच गटाच्या 2000 सालच्या निबंधात सापडतो. ज्या स्त्रियांच्या घराण्यात हा आजार आहे, किंवा ज्यांच्या जन्माच्या वेळी गुंतागुंत झाली होती, त्यांच्यात इस्ट्रोजेनचं संरक्षण फिकं पडतं, असं त्यात दाखवलं आहे. आपल्या आयाबहिणींची बाळंतपणं कशा परिस्थितीत होत आली, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. म्हणजे मुलीला निसर्गानं दिलेलं संरक्षण तिच्या आईच्या बाळंतपणातच खर्ची पडत असेल. हा माझा तर्क आहे, आणि तो तपासून पाहणं आपल्या हातात आहे.

याच तर्काचं दुसरं टोक बीड जिल्ह्यात आहे. 2019 साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कित्येकींचं वय तिशी-पस्तिशीचं. पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर इस्ट्रोजेनची जी घसरण एरवी काही वर्षांत हळूहळू होते ती एका दिवसात होते. त्या गावांतली एखादी बाई ‘कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवतंय’ म्हणत आपल्याकडे आली, तर तिची पिशवी काढली आहे का, अंडाशय ठेवले आहेत का, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? ‘पिशवी काढलीय’ एवढं ती सांगते. काय काय काढलं, हे पुष्कळदा तिलाही कुणी सांगितलेलं नसतं. तेव्हा ऑपरेशनचे कागद मागवावे लागतात, आणि ते मागवायलाच हवेत.

सासू किंवा नवरा सोबत येतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, पाळी जवळ आली की हिचं वाढतं.’ आपण मान डोलावतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. वास्तविक संशोधक अनिता रिशर-रोसलर यांनी 1994 मध्येच दाखवून दिलं होतं, की मासिक चक्रात इस्ट्रोजेन खाली येतं तेव्हा लक्षणं वाढतात. घरच्यांनी सांगितलेली ती गोष्ट वैद्यकीय नोंद आहे, ती केसपेपरवर यायला हवी. बाळंतपणानंतरच्या दिवसांचंही तेच. त्या दिवसांत इस्ट्रोजेन झपाट्यानं उतरतं, आणि आधी आजार असलेल्या बाईला तेव्हा सर्वांत जास्त जपावं लागतं. निम्हान्सनं 2009 मध्ये आई-बाळाला एकत्र ठेवणारा कक्ष सुरू केला. महाराष्ट्रातल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात असा कक्ष असावा, ही माझी मागणी आहे.

आपली औषधंही या खेळात आहेत, याबद्दल मला जास्त काळजी वाटते. रिस्पेरिडोन, अमिसुलप्राइड या औषधांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, पाळी थांबते, इस्ट्रोजेन उतरतं. म्हणजे जे संप्रेरक तिला जपत होतं, तेच आपण कमी करतो. त्यावर घरात ‘मूल का होत नाही’ ही कुजबुज सुरू होते. हाडं ठिसूळ होतात ती वेगळीच. उलट क्लोझापिन आणि ओलान्झापिन बायकांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडतात, त्यामुळे पुरुषाची मात्रा तिला जड जाऊ शकते. रजोनिवृत्तीनंतर हे गणित पुन्हा बदलतं.

मग सरळ इस्ट्रोजेनच द्यावं का? मेलबर्नच्या जयश्री कुलकर्णी यांनी त्वचेवर चिकटवायच्या इस्ट्रोजेनच्या पट्टीच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, 2008 मध्ये 102 महिलांवरच्या आणि 2015 मध्ये 183 महिलांवरच्या. नेहमीच्या औषधांना पट्टीची जोड मिळालेल्या गटाची लक्षणं अधिक उतरली. मोल्दोव्हात 200 महिलांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही फायदा दिसला, पण तो मुख्यतः 38 च्या पुढच्या महिलांत. इस्ट्रोजेनच्याच मार्गावर काम करणाऱ्या रॅलोक्सिफेन या गोळीबाबत मेलबर्नचा निकाल आशादायक होता, तर रोमानियातल्या गंभीर आजारी महिलांत ते निष्प्रभ ठरलं. रक्ताच्या गुठळ्या, गर्भाशयाचा आणि स्तनाचा कर्करोग हे धोके डोळ्यांआड करता येत नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञाला शेजारी बसवल्याशिवाय कुणीही ही पट्टी लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पुरुषांविषयी. त्यांना हा आजार बायकांपेक्षा साधारण 1.4 पट होतो, लवकर होतो, शिक्षण आणि नोकरी दोन्ही गिळतो. काही अभ्यासांत टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषांत उदासीनता आणि अबोलपणा जास्त दिसला, पण इथले पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यावर उपचार बेतण्याची घाई मी करणार नाही. प्रोलॅक्टिनचा त्रास मात्र त्यांनाही होतो. छाती वाढते, लैंगिक इच्छा मरते, आणि आईवडिलांसमोर तो मुलगा ते सांगू शकत नाही. गोळ्या गुपचूप बंद होतात आणि आपण ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असं लिहून मोकळे होतो. त्याला पाच मिनिटं एकट्याला भेटा.

आज दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. मनोविकाराच्या प्रत्येक केसपेपरवर शेवटची पाळी, बाळंतपणं, अंडाशयाची शस्त्रक्रिया आणि स्त्री-पुरुष दोघांसाठी लैंगिक तक्रारी यांचा रकाना छापावा, आणि प्रोलॅक्टिन वाढल्याच्या तक्रारी असतील तिथं त्याची तपासणी व्हावी. मसुदा तुमच्या फायलीत आहे. जिल्हा रुग्णालयांत काम करणाऱ्यांनी त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात, कारण रकाना तुमच्याच टेबलावर भरला जाणार आहे.