यंत्राचे अंतरंग
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या टेबलावर चार-स्ट्रोक मोटारसायकलचे भंगारात निघालेले इंजिन ठेविले आहे. त्याची एक बाजू कापून आतील रचना उघडी केली आहे. निवृत्तीनंतर मी या उद्योगात कसा पडलो, हे सांगण्याची आज्ञा झाली, म्हणून चार शब्द बोलतो.

मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. फळ्यावर आकृती काढून इंजिनाचे चार टप्पे मुलांकडून घोकून घेई. एकदा आपल्याच ज्ञातीतील एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, झडप केव्हा उघडायची, हे तिला कोण सांगते?” मला उत्तर येत नव्हते. ते कबूल न करता, “परीक्षेला नाही ते विचारू नकोस,” असे दरडावून मी त्याला खाली बसविले. पुढे त्याने शाळा सोडली.

आज त्याचे गॅरेज आहे. हा नमुना आम्ही दोघांनी तेथेच तयार केला.

प्रथम तेल काढून सर्व भाग डिझेलने धुतले. खरा विचार लागतो तो कापण्याची रेघ आखताना. सिलिंडर निम्म्याहून अधिक कापला, तर पिस्टनला आधार उरत नाही. म्हणून सुमारे चौथा हिस्साच काढावा. बेअरिंगची बैठक अभंग ठेवावी. बीड ठिसूळ असते. घाई केल्यास तडा जातो. कडा कानशीने घासाव्या. पिस्टनच्या रिंगा खिडकीच्या धारेत अडकतात, त्या काढून ठेवाव्या. झडपांना नरम स्प्रिंगा घालाव्या, म्हणजे लहान मुलाच्या हातानेही दांडा फिरतो. कापलेला पृष्ठभाग तांबडा रंगवावा, म्हणजे धातू कोठे कापला आणि मूळची पोकळी कोठे, हे कळते.

दांडा दोनदा फिरविला की कॅमशाफ्ट एकदाच फिरतो, कारण त्याच्या चाकाला दुप्पट दाते आहेत. झडप उघडतो तो हाच. माझ्या विद्यार्थ्याने मला ते दाते मोजावयास लाविले आणि त्याच्याच जुन्या प्रश्नाचे उत्तर मला दिले.

जर्मनीत म्यूनिक येथे ऑस्कर फॉन मिलर यांनी १९०३ साली स्थापिलेल्या संग्रहालयात प्रेक्षकांनी स्वतः यंत्र चालवून पाहावे, असा प्रघात पाडला. आपल्या नागपुरात १९९२ साली रमण विज्ञान केंद्र व २००२ साली मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले. मुलांना तेथे अवश्य न्यावे; परंतु रोज हाताळावयास जवळही काही असावे.

मंडळ गुणवंतांचा सत्कार करते, हे उचितच होय. परंतु ज्याचा हात चालतो पण गुणपत्रिका चालत नाही, त्याला आपण अजून खालीच बसवितो. असे नमुने करणाऱ्या मुलांसाठी एक पारितोषिक ठेवावे. पहिल्या वर्षाची रक्कम मी देतो.

हे इंजिन वसतिगृहास अर्पण करीत आहे. त्यापुढे ‘हात लावू नये’ अशी पाटी मात्र लावू नये, एवढीच विनंती.