मुक्या जिवाच्या अंतरंगाचा वेध

रोग शरीराच्या आंत वाढतो आणि वैद्य बाहेर उभा असतो. वैद्यकाची पुष्कळशी धडपड एवढें अंतर तोडण्यासाठींच झालेली आहे. प्रयोगशाळेंतील उंदराच्या बाबतींत तें अंतर तोडण्याचा मार्ग दीर्घकाळ बहुधा एकच होता, आणि तो म्हणजे उंदीर मारून पाहणें. समजा, यकृतांतील गांठीवर एखादें औषध चालतें कीं नाहीं हें पांच निरनिराळ्या दिवशीं पाहावयाचें आहे. दर वेळीं १० उंदीर धरले तर एका प्रश्नासाठीं ५० जीव खर्ची पडत. शिवाय पहिल्या आठवड्यांत पाहिलेला उंदीर पांचव्या आठवड्यांत पुन्हां पाहतां येत नसे. एका जिवाच्या रोगाची संपूर्ण कथा वाचावयास न मिळतां पन्नास ग्रंथांचें एकेक पान तेवढें हातीं येई.

या अडचणींत ध्वनि साह्यास आला. १८८० सालीं पियेर व जाक क्यूरी या बंधूंना असें आढळलें कीं, कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां विद्युत् उत्पन्न होते. उलटपक्षीं विद्युतेनें स्फटिक कंपित करून मनुष्याच्या कानास ऐकूं न येणारा ध्वनि निर्माण करतां येतो. तो शरीरांत सोडला कीं अवयवांच्या सीमांवरून प्रतिध्वनि परततात, व परतण्यास लागलेल्या वेळावरून चित्र तयार होतें. ग्लासगो येथील डॉ. इयन डोनल्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९५८ सालीं पोटाचीं अशीं चित्रें प्रसिद्ध केलीं. आज सोनोग्राफी हा शब्द खेड्यापाड्यांतही परिचित आहे.

परंतु उंदीर म्हणजे लहानसा मनुष्य नव्हे. त्याचें वजन सुमारें २५ ग्रॅम, आणि हृदयाचे ठोके मिनिटाला ५०० च्या घरांत. मनुष्याच्या पोटासाठीं सेकंदाला ३० लक्ष कंपनांचा ध्वनि पुरतो. त्याची लहर अर्ध्या मिलिमीटरची. कंपनें ३ कोटी केलीं म्हणजे लहर त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी होते आणि बारकावे दिसूं लागतात. असा ध्वनि फार खोल जात नाहीं. पण उंदराचे अवयवही त्वचेपासून दूर नसतात.

खरी अडचण हाताची होती. प्रोब किंचित् कलला कीं गांठीचा निराळाच छेद दिसतो. व्यासांत दहा टक्क्यांची चूक झाली तर घनफळांत ती तीस टक्क्यांहून अधिक होते. मग गांठ वाढली कीं हात हलला, हें कोणी सांगावें? अशा चुकीपायीं उपयुक्त औषध टाकून दिलें जाईल, निरुपयोगी औषध पुढें जाईल आणि मेलेले जीव व्यर्थ जातील.

म्हणून प्रोब यंत्राच्या स्वाधीन करण्यांत आला. अमेरिकेंतील उत्तर कॅरोलायना येथील संशोधकांनीं २०१८ सालीं अशा एका यंत्रणेचें वर्णन प्रसिद्ध केलें. भूल दिलेल्या उंदराचे केस काढून त्याला पातळ पडद्यावर निजवितात. पडद्याखालीं द्रवाचें पात्र असतें, व त्यांत प्रोब मोटरींच्या साह्यानें ठरलेल्या मार्गानें सरकतो. तो एकामागून एक छेद टिपीत जातो आणि संगणक ते रचून यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांची घनाकृति उभी करतो. घनफळ अंदाजानें न काढतां प्रत्यक्ष मोजतां येतें. पुढील आठवड्यांत तोच उंदीर, तोच मार्ग.

यंत्रालाही मर्यादा आहेत. फुप्फुसांतील व आंतड्यांतील वायु आणि हाडें यांच्यापलीकडे ध्वनि नीट पोंचत नाहीं. भुलेनें हृदयाची गति मंदावते व अंग थंड पडतें, म्हणून प्राण्यास ऊब द्यावी लागते.

रसेल व बर्च या दोघां इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं तीन कर्तव्यें सांगितलीं: शक्य तेथें प्राण्याऐवजीं दुसरें साधन वापरावें, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि त्यांचा क्लेश कमी करावा. हें यंत्र पहिलें कर्तव्य पार पाडीत नाहीं. उरलेल्या दोहोंस मात्र हातभार लावतें. प्रयोगाच्या अखेरीस त्या उंदराचाही जीव बहुधा घेतलाच जातो. तथापि पूर्वीं ५० जिवांनीं जें सांगितलें असतें, तें आतां १० जीव अधिक विश्वासानें सांगूं शकतात. उरलेल्या ४० जिवांना त्या प्रयोगांत ओढावेंच लागत नाहीं.